अडले तर विचारा, पण हिशेब मांडून विचारा

(भिवंडी येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवण्यासाठी छापला आहे.)



कापूस-ज्वारीवाल्यांचा मेळावा भिवंडीत कशाला, असे काही जणांनी विचारले. इथे ना पऱ्हाटी, ना ज्वारीचे कणीस. भाताची खाचरे होती, त्यांतल्या कितीतरी जागी आता पत्र्याची गोदामे उभी आहेत. पण भिवंडी आपल्या मालाच्या वाटेवरचे गाव आहे. यवतमाळ, परभणी, जळगावकडचा कापूस जिनिंगमध्ये जातो, सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधतात, सूतगिरणीत सूत निघते. त्या सुताचे कापड जिथे विणले जाते त्या देशातल्या मोठ्या ठिकाणांपैकी भिवंडी एक. आता इथे पॉलिएस्टरही खूप विणतात, ते दुःख वेगळे.

माल ज्या वाटेने आला त्याच वाटेने पोरेही आली. पाऊस दगा देतो, दोन एकरांत दोन भावांचे भागत नाही, मग धाकटा ठाणे जिल्ह्याची गाडी पकडतो. माणकोली, काल्हेर, दापोडे, पूर्णा या गावांच्या गोदामांत तो खोकी उचलतो. कोणते खोके कोणत्या फळीवरून उचलायचे हे त्याला मुकादम सांगत नाही, हातातले यंत्र सांगते. चार महिन्यांत पोराच्या ध्यानात येते की आपल्याला हुकूम देणारे हे यंत्र कुणीतरी माणसानेच शिकवलेले आहे. मग तो घरी फोन करतो, "बाबा, मला पायथन शिकायचे आहे. क्लासवाले एवढे एवढे पैसे मागतात."

गेल्या काही बैठकांत हा प्रश्न आमच्यापुढे पुन्हा पुन्हा आला. पायथन म्हणजे काय, पैसे भरावेत का, आणि पोरगा अडला तर त्याला सांगणार कोण? आज एवढ्यावरच बोलायचे आहे.

मागाला फूल कळत नाही

सुरुवात मागापासून करू, कारण तो इथे सर्वांच्या ओळखीचा आहे. साध्या मागावर साधे कापड निघते. कापडात फूल किंवा कोयरी उठवायची तर जॅकार्ड लागतो. जोसेफ मारी जॅकार्ड नावाच्या फ्रान्समधल्या माणसाने १८०४ मध्ये ही युक्ती पक्की केली. पुठ्ठ्याच्या पट्ट्या घ्यायच्या, त्यांना भोके पाडायची, आणि एकामागून एक मागाला दाखवत जायच्या. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि तिच्या आकड्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथला धागा खाली राहतो. मागाला फूल कळत नाही. त्याला कळते एवढेच, की हा धागा वर, हा खाली. फूल असते ते पट्टीला भोके पाडणाऱ्याच्या डोक्यात.

हीच पुठ्ठ्याची पट्टी पुढे हिशेबाच्या यंत्रात गेली. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या हिशेबाच्या मोठ्या यंत्राला हुकूम देण्यासाठी अशाच पट्ट्या योजल्या. त्या यंत्रावर एडा लव्हलेस या बाईंनी १८४३ मध्ये टिपणे छापली, त्यांतही जॅकार्डच्या मागाची तुलना आहे. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेची मोजणी हर्मन हॉलरिथ यांच्या भोकांच्या कार्डांवर झाली. म्हणजे ज्या विद्येला आज लोक बिचकतात ती विद्या कापडाच्या धंद्यातून निघालेली आहे. कापूस पिकवणाऱ्याने तिला परकी समजण्याचे कारण नाही.

प्रोग्राम म्हणजे एवढेच. हुकमांची यादी. हे घे, याने गूण, एवढ्यापेक्षा जास्त असेल तर हे कर, नसेल तर ते कर. पायथन ही असे हुकूम लिहायची एक भाषा आहे. ग्विडो व्हान रॉसम या डच माणसाने १९८९ च्या अखेरीस ती रचायला घेतली आणि १९९१ मध्ये लोकांसाठी खुली केली. नाव अजगरावरून आलेले नाही, विलायतेतल्या एका विनोदी टीव्ही कार्यक्रमावरून आले आहे. तेव्हा घाबरायला नको.

आपल्या कामाच्या गोष्टी तीन. पहिली, पायथन फुकट आहे. ते विकत घ्यावे लागत नाही, त्याचा परवाना लागत नाही. दुसरी, साध्या जुन्या कॉम्प्युटरवर चालते, आणि कॉम्प्युटर नसला तर मोबाईलवरही शिकण्यापुरते चालवता येते. तिसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली, तेव्हापासून नावे मराठीत देता येतात. 'वजन', 'भाव', 'ओलावा' अशी देवनागरीतली नावे ते स्वीकारते. ठरलेले थोडे शब्द इंग्रजीत लिहावे लागतात, प्रोग्राममध्ये लिहायचे आकडे इंग्रजी लागतात. पण इंग्रजी कच्चे म्हणून ज्या पोराला वर्गात मागच्या बाकावर बसवले, त्याचे दार इथे बंद नाही.

पहिला प्रकल्प: आपली काटापट्टी

शिकायला लागलेल्या पोराला बहुतेक ठिकाणी पहिला प्रकल्प देतात तो कसला? सापशिडीचा खेळ, नाहीतर परदेशातल्या दुकानाचे बिल. पोरगा पुस्तकातून उतरवून काढतो. उत्तर बरोबर की चूक हे त्याला कळत नाही, कारण ते दुकान त्याने पाहिलेले नसते. अडला की नेमके काय अडले तेही सांगता येत नाही.

आमचे सांगणे आहे की पहिला प्रकल्प घरातल्या कागदावरून घ्या. कापूस विकल्याची काटापट्टी घ्या. समजा वजन १२ क्विंटल ४० किलो आहे. भाव समजा ७,००० रुपये. हमीभावाने कापूस महामंडळ घेते तेव्हा ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव असतो, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत वाढत्या टक्क्याच्या प्रमाणात भाव कापतात, आणि १२ च्या वर माल परत. समजा ओलावा ११ टक्के निघाला. म्हणजे ३ टक्के जास्त. क्विंटलमागे २१० रुपये गेले, भाव राहिला ६,७९०. त्याला १२.४ ने गुणले की ८४,१९६ रुपये. हमाली-तोलाई क्विंटलला समजा २० रुपये धरली तर २४८ गेले. हातात यायला हवेत ८३,९४८ रुपये.

हा हिशेब बांधावर बसून तोंडी करणारी माणसे इथे बसली आहेत. त्यांना पायथन येत नाही, पण पोराच्या प्रोग्रामने ८३,९४८ च्या जागी ८३,४४८ दाखवले तर "पाचशे कुठे गेले रे?" हे ती ताबडतोब विचारतील. ही मदत कोणत्याही क्लासात मिळत नाही. पोराला हुकूम लिहिता येतात, उत्तर बरोबर की चूक हे बापाला कळते. पट्टीच्या हिशेबात आईबाप मास्तर आहेत, हे पोरांनी आधी मान्य करावे.

पोरगा अडतो कुठे?

आता पोरगा हाच हिशेब पायथनमध्ये लिहायला बसतो. प्रोग्रामने वजन विचारावे, ते ७,००० ने गुणावे, उत्तर दाखवावे. एवढेच लिहितो, चालवतो, १२.४ टाकतो. आणि पडद्यावर येते १२.४१२.४१२.४१२.४, पानेच्या पाने भरून. पोरगा घाबरतो. त्याला वाटते कॉम्प्युटर बिघडला.

बिघडलेले काही नाही. माणसाने टाईप केलेली कोणतीही गोष्ट पायथन आधी अक्षरे म्हणून घेते, मग ती आकड्यांसारखी का दिसेना. 'सात हजारने गूण' म्हटल्यावर त्याने ती अक्षरे सात हजार वेळा एकापुढे एक लिहिली. हुकूम पाळला. मागाला फूल कळत नाही, तसाच प्रकार. ही अक्षरे म्हणजे आकडा आहे असे त्याला सांगावे लागते. सांगायच्या रीती दोन, 'इंट' आणि 'फ्लोट'. 'इंट' पूर्णांकांसाठी आहे, १२.४ टाकले तर ते हरकत घेते. आपल्या वजनाला 'फ्लोट' लागतो.

दुसरी अडचण रांगेची. पायथनमध्ये 'ओलावा ८ पेक्षा जास्त असेल तर' असे लिहिले की त्याखाली येणारे हुकूम थोडे आत सरकवून, एका सरळ रेषेत लिहावे लागतात. तिफणीचे काकर वाकडे गेले तर पुढे डवरा चालत नाही, तसेच इथे रेषा हलली की काम थांबते. तिसरी अडचण जुन्या पुस्तकांची. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. त्या काळातले पुस्तक रद्दीत स्वस्त मिळते, पण त्यातली कित्येक उदाहरणे आज चालत नाहीत. पोरगा समजतो की चूक आपली. चूक पुस्तकाच्या वयाची असते.

या तिन्ही अडचणी दहा मिनिटांच्या आहेत. पण सांगणारा कुणी नसला तर पोरगा तिथेच अडकतो, आठवडा जातो, आणि एक दिवस म्हणतो, "आपल्याला हे जमायचे नाही." आम्हाला काळजी आहे ती या वाक्याची. दुष्काळात पीक जळते ते पुढच्या सालाला पुन्हा पेरता येते. "आपल्याला जमायचे नाही" हे एकदा मनात रुजले तर पिढी जाते.

विचारायचे कसे?

मदत करणारी माणसे आहेत. पण त्यांना विचारायची रीत आहे, आणि ती रीत तुम्हाला आधीच येते.

पऱ्हाटी बिघडली म्हणून तुम्ही कृषी विद्यापीठाच्या माणसाकडे जाता. "साहेब, कापूस गेला" एवढेच म्हणालात तर तो बिचारा काय सांगणार? जाणता शेतकरी बोंड घेऊन जातो, झाड मुळासकट उपटून नेतो. पेरणी कधी केली, कोणते बियाणे, कोणती फवारणी कोणत्या दिवशी, पाने आधी खालून लाल झाली की वरून, सगळे सांगतो. मग बोंडअळी आहे की मर आहे की अन्नद्रव्य कमी पडले, याचे उत्तर तिथल्या तिथे मिळते.

प्रोग्रामचेही तसेच. "सर, माझा प्रोग्राम चालत नाही" हा प्रश्न म्हणजे "कापूस गेला". पोरांनो, विचारताना पाच गोष्टी मांडा.

एक, करायचे काय होते. 'काटापट्टीवरून हातात येणारी रक्कम काढायची आहे', एवढ्या साध्या शब्दांत.

दोन, लिहिले काय आहे. जसेच्या तसे, पूर्ण. पडद्याचा तिरपा फोटो पाठवू नका, मजकूर पाठवा, म्हणजे समोरच्याला चालवून पाहता येईल.

तीन, यायला काय हवे होते. इथे पट्टीवरचा आकडा कामाला येतो: ८३,९४८.

चार, आले काय. पायथन अडते तेव्हा तांबड्या अक्षरांत लांबलचक काहीतरी दाखवते. ते पाहून पोरे पान बंद करतात. ती शिवी नाही, तो निरोप आहे. चूक सापडली ती ओळ कितवी हे त्यात असते आणि शेवटच्या ओळीत कारण असते. ती शेवटची ओळ अक्षर न बदलता कळवा.

पाच, तुम्ही काय काय करून पाहिले.

आणखी एक करा. शंभर ओळींचा प्रोग्राम अडला तर सगळा पुढ्यात टाकू नका. एक एक ओळ काढत जा आणि ज्या चार ओळींत खोट उरते तेवढ्याच दाखवा. विहिरीवरची मोटर बंद पडली की तुम्ही आधी फ्यूज बघता, मग स्टार्टर, मग केबल. तसेच. असे कमी करता करता निम्म्या वेळा उत्तर आपले आपल्यालाच सापडते.

मदत मिळते कुठे?

इथून ठाण्यावरून गेले की तास-दीड तासावर पवई आहे. तिथल्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे काम उभे राहिले, केंद्र सरकारच्या पैशातून. म्हणजे तुमच्याआमच्या करातून. दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत. अर्ध्या पडद्यावर पाठ लावायचा, अर्ध्या पडद्यावर आपण तसेच करत जायचे, अशी त्याची रीत. शिक्षक समोर नाही हे धरूनच ते रचले आहेत. पायथनवरचे पाठ आहेत, आणि त्यांतले काही मराठीत आहेत. सगळे फुकट. पाठ बघताना कितव्या मिनिटाला समजेनासे झाले ते वहीत टिपा, म्हणजे विचारताना बोट ठेवून विचारता येते. त्याच आयआयटीत 'फॉसी' नावाचा दुसरा प्रकल्प आहे. पायथनसारखी फुकट आणि खुली साधने शिक्षणात वापरली जावीत म्हणून तो काम करतो.

केंद्र सरकारचे 'स्वयम्' २०१७ पासून आहे. त्यावर आयआयटी आणि इतर मोठ्या संस्थांच्या प्राध्यापकांनी शिकवलेले पायथनचे अभ्यासक्रम आहेत. शिकायला पैसे नाहीत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच फी. भाषा इंग्रजी आहे, पण थांबवून, मागे नेऊन तीन वेळा ऐकता येते.

आणि २०२२ च्या अखेरीपासून चॅटजीपीटीसारखी यंत्रे आली आहेत. मराठीत विचारले तर मराठीत सांगतात, रात्री बारालाही सांगतात. वापरा, आमची ना नाही. पण दोन पथ्ये पाळा. "मला प्रोग्राम लिहून दे" असे म्हणू नका, "माझ्या या ओळीत चूक का होते ते समजावून सांग" असे म्हणा. आणि ते जे सांगेल ते काटापट्टीशी ताडून पाहा, कारण ते यंत्र चुकीचे उत्तरही मोठ्या विश्वासाने देते. अशी माणसे बाजारात तुम्ही पाहिलेली आहेत.

सगळ्यात जवळची मदत मात्र खोलीतच असते. इथे एकेका खोलीत पाच-सहा पोरे राहतात. दोघांनी मिळून शिकायला घ्या. एकाने लिहायचे, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचे. दुसऱ्याला समजावून सांगता सांगता आपले कुठे कच्चे आहे ते बाहेर पडते.

पैसे भरण्याआधी

क्लास वाईटच असतात असे आम्ही म्हणत नाही. कुणाला समोर माणूस असल्याशिवाय शिकता येत नाही, त्याने जावे. पण आईबापांनो, ज्वारी विकून किंवा उसनवारी करून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. पोरगा अडला तर कुणी बसून सांगेल की नुसते छापील कागद मिळतील? आधी एक दिवस फुकट बसू देतील का? आणि "आमच्या काटापट्टीचा हिशेब पोराकडून करून घ्याल का?" तिसऱ्या प्रश्नाला जो हसेल त्याला आपला रामराम. "नोकरीची हमी" म्हणणाऱ्यालाही रामराम. पायथन येणाऱ्या प्रत्येकाला नोकरी मिळते हे खरे नाही, आणि ते आम्हीही सांगणार नाही.

सर्वांत सावध राहा ते तयार प्रकल्प विकणाऱ्यापासून. कॉलेजात दाखवायचा प्रकल्प पैसे टाकून बांधून मिळतो. पोरगा पास होतो. पुढे कुणी "ही ओळ का लिहिली?" विचारले की मान खाली. भाड्याच्या औताने एक दिवस पेरणी उरकते, औत धरायला मात्र येत नाही. उद्या ओलाव्याचा नियम बदलला, तर ज्याने स्वतः चुका काढत लिहिले तो एक ओळ बदलून मोकळा होईल. ज्याने विकत घेतले तो पुन्हा पैसे मोजेल.

भावांनो, आजवर आपला हिशेब दुसऱ्यानेच मांडला. काटा त्याचा, वही त्याची, बेरीज त्याची. आपण अंगठा दिला, पुढे सही केली, पण बेरीज तपासली नाही, कारण विचारायचा संकोच. ही सवय शेतकऱ्याने फार महागात पोसली आहे. तीच आपण पोरांच्या अंगी लावतो. "गप्प बस, साहेबाला विचारू नको." हे बंद झाले पाहिजे. विचारणे म्हणजे भीक मागणे नाही. आपण काय केले ते मांडून, नेमके कुठे अडले ते सांगून जो विचारतो, तो बरोबरीने उभा राहून विचारतो. आणि यात पोरींना मागे ठेवू नका. वेचणीचा किलोकिलोचा हिशेब घराघरांत बायाच ठेवतात.

प्रत्येक तालुक्याने पुढच्या बैठकीपर्यंत एवढे करावे. पाच काटापट्ट्या गोळा कराव्यात, शिकणारी दोन पोरे आणि दोन पोरी शोधाव्यात, आणि पाचही पट्ट्यांचा हिशेब त्यांनी प्रोग्राम लिहून काढावा. बैठकीत थोरांनी तो तोंडी तपासावा. जिथे जुळणार नाही तिथे चूक प्रोग्रामची की पट्टीची, हे सर्वांसमोर शोधावे. ज्वारीचे कडब्यासह उत्पन्न आणि उत्पादन खर्च हा त्यापुढचा प्रकल्प. तो एकरी मांडायचा, आणि त्यात घरच्यांची मजुरी धरायची. ती सोडून दिलेला हिशेब आम्ही तपासायला घेणार नाही.